पाचशे चाळीस

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून न विचारता स्टोव्ह बारीक करणारा माणूस उभ्या नागपुरात एकच होता, आणि तो आमच्या डोक्यावर राहत असे. डोक्यावर म्हणजे अक्षरशः. धंतोलीतल्या त्या घरात तळमजल्यावर रेल्वेत कारकून असलेले मेश्राम आणि त्यांचं कुटुंब, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको, आणि त्याच्यावर गच्ची. गच्चीच्या एका कोपऱ्यात पत्र्याच्या छपराची एक खोली होती, तीत हे सर. सर एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. नोकरीला लागले तेव्हा डेमॉन्स्ट्रेटर होते आणि निवृत्त झाले तेव्हाही डेमॉन्स्ट्रेटरच होते. कॉलेजातली मुलं त्यांना 'पाचशे चाळीस' म्हणत. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला पाचशे चाळीस कॅलरी उष्णता लागते, हे वाक्य ते वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सांगत आणि शेवटच्याही. मधल्या महिन्यांत टेबलावर आम्ल असो की क्षार, सर फिरून पाण्यावर येत. "पाणी उकळलं की थर्मामीटर थांबतो," ते म्हणत. "खालून आग चालूच आहे, पारा मात्र जागचा हलत नाही. मग ती आग जाते कुठं?" असं विचारून ते समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहत. समोरचा बहुधा भाजीवाला असे.

ही आग कुठे जाते हे त्यांना पक्कं माहीत असल्यामुळे ती फुकट गेलेली त्यांना बघवत नसे. उकळी फुटल्यावरही आच मोठी ठेवणारी बाई ही त्यांच्या लेखी संसारातली नव्हे, सृष्टीतली चूक होती. वरण शंभर अंशांवर शिजतं. स्टोव्हला कितीही पंप मारला तरी ते एकशे एकावर शिजायला तयार होत नाही. जास्तीची आग नुसती वाफ होऊन खिडकीतून जाते. हे सगळं एका दमात सांगत ते चप्पल दाराशी काढून थेट आत जात, स्टोव्हची किल्ली फिरवत, पातेल्यावर झाकण ठेवत आणि बाहेर येऊन मग बोलायला बसत. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, गॅसवाल्या कंपनीचा माणूस आहे. पण आमच्याकडे गॅस नव्हता. मेश्रामबाई त्यांना सहज ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "सर, वरण माह्यं, घासलेट माह्यं, पोटात तुमच्या काहून दुखून राहिलं?" असं त्या उंबऱ्यातूनच विचारत. त्यावर सर झाकण नीट बसवत आणि म्हणत, "बाई, पाणी कोणाचंच नसते." सर बाहेर पडले की मेश्रामबाई आच पुन्हा मोठी करत, आणि ते जिन्यावरूनच स्टोव्हचा आवाज ओळखून परत येत.

त्यांचं लग्न झालं नाही, त्यालाही हेच कारण घडलं अशी हकीकत होती. मला ती त्यांच्याच तोंडून कळली, आणि त्यांनी ती एखादा फसलेला प्रयोग सांगावा तशी सांगितली. तरुणपणी महाल भागातल्या एका घरी मुलगी पाहायला गेले असताना पोहे झाले, प्रश्नोत्तरं झाली आणि चहाची वाट पाहत सगळे बसले. आतून चहाचं आधण खळखळत असल्याचा आवाज येत होता. सरांनी थोडा वेळ सोसलं. मग ते उठले, पडदा सारून आत गेले, शेगडीतले निखारे चिमट्याने बाजूला केले आणि मुलीला म्हणाले, आता टाका पत्ती. मुलीने पत्ती टाकली. चहा उत्तम झाला होता, असं सर आवर्जून सांगत. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलीच्या वडिलांचं म्हणणं होतं, "पोरगा चांगला आहे गा, पण सैपाकघरात घुसते." त्यानंतर आणखी दोन-तीन ठिकाणी बघणं झालं. प्रत्येक ठिकाणी चहा होताच.

वाफेबद्दल त्यांना आदर होता, आणि आदर असलेल्या माणसासारखे ते तिच्या ताकदीचं वर्णन वेळ न पाहता करत. एकदा मेश्रामबाईंनी उकडीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मनगट भाजून घेतलं. आरडाओरडा ऐकून सर खाली उतरले. बाईंनी हात बादलीतल्या पाण्यात बुडवलेला पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली आणि सांगू लागले की उकळतं पाणी आणि वाफ दोन्ही शंभरच अंशांची. पण वाफ कातडीला टेकून पाणी होते तेव्हा पोटात धरून ठेवलेल्या पाचशे चाळीस कॅलरी तिथंच टाकून देते, म्हणून वाफेचं भाजणं वाईट. मेश्रामबाईंनी दात ओठ खात हे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, मलम असन तर आणा. लेक्चर मंग." सर धावत वर गेले आणि मलम घेऊन आले. ते लावून होईपर्यंत गप्प राहिले. मग बाकीचं पूर्ण केलं.

उन्हाळ्यात ते डोक्यावर ओला पंचा टाकून सायकलने फिरत. नागपुरात डोकं झाकून सगळेच फिरतात. सरांचं वेगळेपण असं की पंचा वाळायला किती वाट लागली यावरून ते अंतर सांगत. धंतोलीहून महाल म्हणजे मे महिन्यात एक पंचा. स्टेशन अर्धा. कॉलेज पाऊण. धंतोलीतल्या दवाखान्यांत विदर्भातून माणसं येतात. आपल्या पेशंटला शोधत फिरणाऱ्या एका खेडुताला सरांनी "इथून पाव पंचा" असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. तो माणूस हात जोडून पुढे गेला आणि त्याने पुढच्या कोपऱ्यावर दुसऱ्याला विचारलं. जूनमध्ये मात्र ही मापं बिघडत. आभाळ भरून येई, पाऊस पडत नसे, हवा दमट होई आणि महालाला जाऊन परत आलं तरी पंचा ओलाच राही. "हवेचं पोट भरलेलं आहे," सर सांगत. "पाणी उडून जायचं म्हणते, पण वर जागा नाही." ओला पंचा गार वाटतो तो पाण्यामुळे नव्हे, पाणी उडून जाण्यामुळे, आणि उडता आलं नाही तर तो नुसता ओला पंचा, हे त्यांच्याइतकं नीट मला कोणी समजावलं नाही. त्याचा पुढे संबंध येणार आहे.

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. सर मला 'संपादक' म्हणत, आणि दुरुस्त करून उपयोग होत नसे. हवामान खात्याकडून रोज संध्याकाळी तापमानाचे आकडे आमच्याकडे येत. आम्ही त्यातला कमाल आकडा चौकटीत छापत असू, कारण नागपूरकराला उन्हाळ्यात तेवढाच हवा असतो. सरांचं म्हणणं, ही अर्धी बातमी झाली. हवा किती तापली ते छापता, तिच्यात पाणी किती आहे ते का छापत नाही? मी हा प्रश्न आमच्या संपादकांपुढे ठेवला. ते म्हणाले, वाचकाला आर्द्रता कळत नाही. मी हे सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी वाचकाला समजावून देण्याची तयारी दाखवली. दोन-तीन वर्षांनी एका संध्याकाळी हवामानाच्या चौकटीला एक ओळ कमी पडली आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने मागितली म्हणून मी आर्द्रतेचा आकडा दिला. तो मग रोज जाऊ लागला. विज्ञानाचा विजय असा एका ओळीच्या भोकातून झाला. सकाळी सर अंक हातात घेऊन खाली आले आणि म्हणाले, "आता पेपर वाचण्यासारखा झाला, संपादक."

माणसांनाही ते पाण्याच्याच मापाने मोजत. बर्फ वितळायला ग्रॅमला ऐंशी कॅलरी लागतात आणि पाण्याची वाफ व्हायला पाचशे चाळीस. तेव्हा रागावलेला माणूस ऐंशीत विरघळणारा आहे की पाचशे चाळीसचा, हे ते आधी ठरवत. मेश्राम ऐंशीचे होते. मेश्रामबाई पाचशे चाळीसच्या. माझ्या बायकोविषयी त्यांनी काही ठरवलं होतं, पण ते मला सांगितलं नाही. स्वतःबद्दल मी एकदा विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मी अजून उकळीलाच आहे. आग चालू आहे, पारा हलत नाही."

पण सरांची खरी जागा कॉलेजात नव्हती, गच्चीत होती. आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हा साठीचं दशक मध्यावर होतं, कूलर फक्त मोठ्या साहेबांच्या बंगल्यात दिसे, आणि होळी झाली की सगळं घर झोपायला गच्चीवर जाई. दिवसभर तापलेली फरशी पायाला चटके देई. ती झोपण्याजोगी करण्याचं काम सरांनी आपल्याकडे घेतलं होतं. कॉलेजातून आले की ते अंगणातल्या विहिरीवर जात, रहाटाने पाणी काढत आणि दोन-दोन बादल्या घेऊन जिने चढत. पहिलं पाणी टाकलं की फरशीतून फुसकारा निघे आणि तापलेल्या चुन्याचा वास घरभर पसरे. दुसऱ्या पाण्याला आवाज नसे. मग थांबायचं. फरशी वाळेपर्यंत अंथरूण टाकायचं नाही, असा कायदा होता. पाणी तसंच राहिलं तर काम अर्धं राहिलं, कारण गारवा पाण्यात नाही, त्याच्या जाण्यात आहे. सर अनवाणी पावलाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत, तळव्याने फरशी तपासत, आणि समाधान झालं की जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली वाकून म्हणत, "या."

एवढंच. नाव घेत नसत, हाक मोठी नसे. पण ती ऐकू येताच मेश्रामांच्या घरातून गाद्या निघत, माझी बायको सतरंजी आणि पाण्याची सुरई घेऊन वर जाई, शेजारच्या घरातली माणसं कठड्यावरून टांग टाकून येत. माझी पाळी बहुतेक संध्याकाळची असल्याने मला हे सुट्टीच्या दिवशीच बघायला मिळे. दिवे लागायच्या सुमाराला पंधरा-वीस माणसं त्या गच्चीत पसरलेली असत. मेश्राम रेल्वेतल्या गोष्टी सांगत, मेश्रामबाई त्या खोट्या पाडत, कोणी कलिंगड कापे. सर आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असत. आश्चर्य म्हणजे तिथे ते फार बोलत नसत. दिवसभर भाजीवाल्याला धरून ठेवणारा माणूस संध्याकाळी वीस जणांच्या घोळक्यात गप्प बसून ऐके. त्यांना ऐकवायचं नव्हतं, माणसं हवी होती. नऊ महिने ते या तीन महिन्यांची वाट पाहत. त्यांच्या आयुष्यात वाट पाहण्याजोगं दुसरं काही नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

ती गच्ची रिकामी झाली, आणि ती रिकामी केली सरांनीच. मेश्रामबाईंना ऐन मे महिन्यात मुलगी झाली. बाळंतीण वर येणार नव्हती आणि बाळही नाही. बाईंची आई दारं-खिडक्या लावून शेगडी घेऊन बसली होती. खालच्या खोलीची भट्टी झाली. बाळाच्या अंगावर घामोळं उठलं आणि ते दिवसभर रडू लागलं. सरांनी दोन दिवस ते रडणं गच्चीतून ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी संत्र्यांची रिकामी खोकी आणली, त्यांचा सांगाडा ठोकला, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या बांधल्या, वर भोकं पाडलेला पत्र्याचा डबा ठेवून त्यातून पाणी झिरपेल असं केलं आणि चौथ्या बाजूला आपला टेबलफॅन लावला. वारा ओल्या वाळ्यातून येई, पाणी उडवे आणि गार होऊन आत जाई. बाईंच्या आईने दार अडवलं. "बायंतिनीले थंडा वारा? मारता काय गा माह्या पोरीले?" सरांनी वाद घातला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली दुर्मीळ गोष्ट. त्यांनी खोका मधल्या खोलीत ठेवला, मधे धुतलेलं लुगडं टांगलं आणि गारवा त्याच्या कडेने जेवढा जाईल तेवढा जाऊ दिला. दुपारी बाळ झोपलं. म्हातारी बराच वेळ त्या लुगड्याकडे बघत राहिली, आणि मग तिनेच ते थोडं सरकवलं.

बाळ झोपलं ही बातमी गल्लीत पसरली. पुढच्या उन्हाळ्यात सरांनी आम्हाला कूलर करून दिला. खोक्यांचा नव्हे, लोखंडी पत्र्याचा, वेल्डरकडून सांगाडा घेऊन, लहान पंप बसवून. मग शेजारच्यांना. मग त्यांच्या शेजारच्यांना. सुट्टीच्या दिवशी सर कोणाच्या ना कोणाच्या खिडकीशी पाना घेऊन उभे असत. प्रत्येक कूलर सुरू झाला की ते हात समोर धरत, डोळे मिटत आणि पाणी उडत असल्याची खात्री करून घेत. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असेल तर ते त्यांनी दाखवलं नाही. ज्याच्या खिडकीला कूलर लागे तो वर यायचा बंद होई. माणसं दोष देण्यासारखं काही करत नव्हती. खोलीत गारवा आहे, मग गाद्या वर कशाला न्यायच्या, एवढाच विचार. दोन-तीन उन्हाळ्यांत गच्चीवर सर उरले.

त्यांनी स्वतःसाठी कूलर केला नाही. पत्र्याखालची ती खोली घरातली सर्वांत तापणारी खोली होती. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कूलरच्या आवाजात जिन्यावरची पावलं ऐकू येत नाहीत."

आमचा कूलर मात्र नावाजला गेला. दुसऱ्यांचे कूलर सरांनीच केलेले, त्याच ताट्या, तोच पंप. पण आमच्या खोलीत जो गारवा होई तो गल्लीत कुठे होत नसे. ऑफिसातले लोक प्रुफं तपासायचं निमित्त काढून दुपारी आमच्याकडे येऊन बसत. मी सरांना ही वार्ता दिली, तेव्हा ते म्हणाले, "ताट्या दरवर्षी बदलत जा." संध्याकाळी सर अजूनही विहिरीवरून पाणी नेतात, रहाटाचा आवाज येतो, असं माझी बायको सांगे. आम्ही त्याला सवय म्हणत असू. मेश्रामबाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणत, "वहिनी, सर वाट पाहून राहिले."

त्यांना आशा जूनची होती. हवा दमट झाली की कूलर काम करत नाही. पाणी उडत नाही, नुसता चिकट वारा अंगावर येतो. पाऊस सुरू व्हायच्या आधी असे काही दिवस येतात. त्या दिवसांत माणसं पुन्हा वर येतील, हा सरांचा तर्क होता आणि तो शास्त्राला धरून होता. एका वर्षी जूनमध्ये आमच्या अंकातला आर्द्रतेचा आकडा एकदम चढला. सकाळीच सर अंक घेऊन दारोदार गेले. आज कूलर चालणार नाहीत, संध्याकाळी वर या, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. माझ्या सुट्टीचा दिवस होता, म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे. सगळे हो म्हणाले, आणि बोलल्याप्रमाणे सगळे आले. मेश्राम आले, बाई मुलीला घेऊन आल्या, गल्लीतली जुनी माणसं गाद्या घेऊन आली. सर दुपारपासून पाणी वाहत होते. इतक्या वर्षांनी माणसं येणार म्हणून त्यांनी नेहमीच्या दुप्पट पाणी टाकलं होतं.

ते पाणी वाळलं नाही. वाळणार नव्हतंच. ज्या आकड्याच्या जोरावर त्यांनी माणसं बोलावली होती, तोच आकडा पाणी टाकू नका म्हणून सांगत होता. ही गोष्ट त्या गल्लीत एकाच माणसाला पक्की ठाऊक होती, आणि तो माणूस बादली हातात घेऊन उभा होता. तापलेली फरशी, तिच्यावर साचलेलं पाणी, वर हलायला तयार नसलेली हवा. गाद्या हातात धरून सगळे थोडा वेळ उभे राहिले. सर अनवाणी पायाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. "वाळते," ते म्हणाले. "थोडं थांबा." कोणी तरी सतरंजी टाकली, ती खालून भिजली. शेवटी मेश्रामबाई म्हणाल्या, "सर, आज त तुमी आमाले वाफेवरच ठेवलं." त्यांनी ते थट्टेने म्हटलं होतं आणि लोक हसलेही. सरही हसले. मग एकेक जण काही तरी कारण सांगून उतरत गेला. कूलर बंद, पंखे चालू, आणि गच्चीवर पाणी तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्यात भेटले. आपणहून म्हणाले, "फर्स्ट इयरच्या पोरानं अशी चूक केली असती तर मी त्याले प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं." त्यानंतर त्यांनी कोणाला वर बोलावलं नाही. जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक दिली नाही. रहाटाचा आवाज मात्र संध्याकाळी येत राहिला.

काही वर्षांनी आम्हाला रामदासपेठेत मोठ्या खोल्या मिळाल्या, त्याही वरच्याच मजल्यावर. सामान हलवताना कूलर मी स्वतः उभा राहून उतरवला. नव्या घरी तो लावला, पाणी भरलं, चालू केला, आणि तो चालेना. म्हणजे पंखा फिरे, पाणी झिरपे, वाराही गार येई. पण खोली निवत नसे. रात्र चढली तरी छतातून धग उतरत राही. ताट्या बदलल्या. पंप बदलला. मिस्त्री आणला, त्याने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "याच्यात काई बिघाड नाही भाऊ." ऑफिसातल्या लोकांना आता प्रुफं ऑफिसातच तपासता येऊ लागली. शेवटी मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या संध्याकाळी मी तक्रार घेऊन धंतोलीला गेलो.

अंगणात शिरलो तेव्हा रहाट वाजत होता. सर निवृत्त झाले होते, वाळले होते. बादल्याही आता लहान होत्या. मला पाहून त्यांनी "या संपादक" म्हटलं आणि एक बादली माझ्या हातात न देता दोन्ही स्वतःच घेऊन जिना चढू लागले. मधल्या मजल्यावर आमच्या जुन्या दाराला नवा पडदा होता, आतून स्टोव्हचा आवाज येत होता. सर क्षणभर थबकले, आवाज ऐकला आणि पुढे चढले. त्यांचं वय झालं आहे हे मला तेव्हा कळलं.

वर गेल्यावर मी कूलरची हकीकत सांगितली. ते पाणी टाकत टाकत ऐकत होते. पंप कोणता, ताट्या कोणत्या, खिडकी कोणत्या दिशेची, असं काहीच त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की वरची गच्ची कोणाची आहे. मी म्हटलं, घरमालकाची, तिला कुलूप असतं.

"मग बरोबर," सर म्हणाले. "कूलर ठीक आहे. छत कोरडं आहे."

मला लगेच कळलं नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. ते तांब्याने पाणी टाकत होते, पण पूर्वी गाद्या पडत तिथे नव्हे. जिन्यावरचा भाग कोरडा होता, त्यांच्या खोलीसमोरचा कोरडा होता. पाणी पडत होतं ते फक्त आमच्या जुन्या दोन खोल्यांच्या वर, कडेपासून कडेपर्यंत, कोपरे न सोडता. फरशीखालचे आमचे कोपरे मला पाठ होते.

मी म्हटलं, "आमच्या खोल्यांवर?"

"पाणी उडते तर ग्रॅममागे पाचशे चाळीस घेऊनच उडते," ते म्हणाले. "घरच्या तापमानाला जरा जास्तच. कुठून तरी घेतेच ना. तुमच्या छतातून घेऊन राहिलं होतं."

"कधी बोलला नाहीत."

"बोलायचं काय त्यात? कूलर मी केला होता. तो चालला पाहिजे."

त्यांनी शेवटचा तांब्या टाकला आणि बादल्या पालथ्या घातल्या. मी विचारलं की आता खाली कोण राहतं. नवीन आहेत, नवरा-बायको, ते म्हणाले; नाव अजून माहीत नाही, कूलर बाजारातला आहे, पण बरा चालतो असं त्या बाई कोणाला तरी सांगताना ऐकलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात समाधान होतं. ती माणसं कधी वर येतात का, हे मी विचारलं नाही. मेश्राम बदली होऊन गेले होते.

त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी बसलो. सर उभे राहिले. फरशीवरचं पाणी कडेकडेने आटत आत येत होतं. आधी एक मोठं तळं होतं, मग दोन झाली, मग चार-पाच ओले डाग उरले. खालच्या रस्त्यावर दवाखान्यांचे दिवे लागले. हवा कोरडी होती, त्यामुळे फार थांबावं लागलं नाही. शेवटचा डाग गेला तेव्हा सरांनी चपला काढल्या आणि अनवाणी पावलाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, तळवा दाबून पाहत, पूर्वीसारखे. मग, मी तिथे समोरच बसलेलो असतानाही, ते जिन्याच्या तोंडाशी गेले. कठड्याला हात टेकून त्यांनी खाली वाकून पाहिलं. जिना रिकामा होता. थोडा वेळ ते तसेच वाकून राहिले.

नंतर ते माझ्याकडे वळले, खोलीतून सतरंजी आणून फरशीवर अंथरली, आणि म्हणाले, "या."